पावसाळ्यात कमरेपर्यंत

त्या सकाळी मी भिंतीच्या वरच्या थरातली एक वीट धरून ओढली आणि ती हातात आली. हातोडा लागला नाही, छिन्नी लागली नाही. खालचा माल इतका मऊ होता की दाबला तर बोट उमटत होतं. शेजारची ओढली, तीही आली. मागे आमचे मिस्त्री उभे होते, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ घेऊन. म्हणाले, "मॅडम, ऊन पडलं की धरंल."

ऊन पडणार नव्हतं. जुलैचा दुसरा आठवडा होता, पुनर्वसू नक्षत्र. गावाकडे ज्याला तरणा पाऊस म्हणतात, तो चालू होता. पुण्याच्या दक्षिण टोकाला, टेकडीच्या उतारावर आमची साईट. भिंत आवाराची होती: वीस फूट लांब, साडेसहा फूट उंच, नऊ इंच जाड. तिच्या एका अंगाला दोन फूट मुरूम भरायचा होता आणि त्यासाठी दुपारी जेसीबी येणार होता. दुसऱ्या अंगाला, चार पावलांवर, कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यातल्या एका खोलीत मिस्त्रींची बायको चहा करत होती. त्यांची धाकटी मुलगी दारात बसून दात घासत होती.

आणि साईटच्या फाईलमध्ये एक कागद होता. त्यावर 'दिवसभरात बांधलेली उंची' या रकान्यात '४ फूट' असं लिहिलेलं होतं. खाली सही माझी होती.

*

माझे अण्णा गवंडी. करमाळा तालुक्यातून पुण्यात आले ते बिगारी म्हणून. पाच-सहा वर्षं घमेली वाहिल्यावर एका म्हाताऱ्या वस्तादांनी त्यांच्या हातात थापी दिली. पुढची तीस वर्षं अण्णांनी या शहरात भिंती बांधल्या. बिबवेवाडीत, कोथरूडला, वारज्यात. आजही त्यांच्याबरोबर गाडीवरून जाताना ते इमारत दाखवत नाहीत, भिंत दाखवतात. "ती जिन्याची आहे ना, ती माझी."

त्यांचे वस्ताद कसबा पेठेत वाढलेले. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते ऐन तरुण होते. ते अण्णांना सांगायचे की पाणी अंगावर आलं तेव्हा पडलेल्या भिंती सगळ्यांनी पाहिल्या, पण पाणी ओसरल्यावर बसलेल्या भिंती त्यांना जास्त आठवतात. मातीत बांधलेलं वीटकाम पाण्यात उभं होतं, लोकांना वाटलं वाचलं, आणि मग ते सावकाश खाली बसलं. अण्णांनी यातून एक गोष्ट उचलली: भिंत बिघडते एका दिवशी आणि पडते दुसऱ्याच दिवशी. पडताना बघून उपयोग नसतो.

म्हणून अण्णांचा नियम: उन्हाळ्यात छातीपर्यंत, पावसाळ्यात कमरेपर्यंत. एका दिवसात भिंत एवढीच चढवायची.

मी डिप्लोमाला गेल्यावर मला तेच मानकाच्या भाषेत शिकवलं. एका दिवसात वीटकाम दीड मीटरपेक्षा उंच नेऊ नये. घरी येऊन मी टेपनं अण्णांना मोजलं. छाती चार फूट, कंबर सव्वातीन. दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट. पुस्तकापेक्षा अण्णा कडक निघाले.

*

हा नियम माहीत नसलेला गवंडी मला अजून भेटलेला नाही. तरी तो मोडतो. त्याचं एक कारण पुण्याचा पाऊस.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे जुलैत कोणी आवाराची भिंत बांधायला काढत नाही. प्रश्नच मिटला. पुण्यात वर्षाचा पाऊस साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि त्यातला बराचसा असा, की छत्री उघडावी की नको हे कळत नाही. नुसती भुरभुर. काम बंद करायला सांगितलं तर सांगणाऱ्यालाच लाज वाटावी, इतका बारीक. पण हाच पाऊस दिवसभर विटांच्या चट्ट्यावर, वाळूच्या ढिगावर आणि ताज्या भिंतीच्या डोक्यावर पडत राहतो.

त्यानं नेमकं काय होतं, ते सांगते.

वीट थोडी तहानलेली लागते. उन्हाळ्यात कोरडी वीट तशीच लावली तर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंटला धरायला पाणी उरत नाही. म्हणून वीट आधी हौदात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. पावसाळ्यात उलटं होतं. चांगल्या विटेनंही चोवीस तास पाण्यात राहून आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तर चालतं, असं मानक सांगतं. म्हणजे तीन किलोच्या विटेत सहाशे ग्रॅम पाणी. एवढी भरलेली वीट मालातलं पाणी ओढत नाही. ती मालावर तरंगते. हातानं सरकवली तर सरकते. तिच्यावर पुढचे थर चढले की खालचा माल दोन्ही बाजूंनी बाहेर दबतो आणि ओळंब्यातली भिंत हळूच पोट काढते.

वाळूचं वेगळंच. किंचित ओली वाळू फुगते, कधी कधी पाव हिश्श्यानं. घमेल्यानं मोजणाऱ्या बिगाऱ्याला वाटतं, सहा घमेली वाळू टाकली. प्रत्यक्षात वाळू कमी पडते आणि न मोजलेलं पाणी आत जातं. वरून तो नेहमीइतकं पाणी ओततो. माल पातळ होतो. वरून गवंडी ओरडतो, "अरे, आमटी केलीस का?" मग बिगारी घट्ट करायला आणखी दोन-तीन घमेली वाळू टाकतो. सहाला एक असलेलं सिमेंट कुठल्या कुठे जातं. यात चोरी कोणी करत नाही. ज्याच्या पुढ्यात जी अडचण आली, ती त्यानं सोडवलेली असते.

शिवाय उघडी राहिलेली भिंत रात्रभर डोक्यातून पाणी पिते. ते पाणी सांध्यांतून उतरताना न धरलेलं सिमेंट बरोबर घेऊन येतं. सकाळी विटांवर राखाडी ओघळ दिसतात. तेच पाणी विटेतले क्षार बाहेर आणतं आणि पुढे भिंत सुकली की पांढरा लोणा फुटतो. कोणीतरी हमखास म्हणतं, "बरं झालं, फुकटात पाणी मारलं गेलं." पण पाणी मारायचं असतं ते माल धरल्यानंतर, आणि पुढे निदान आठवडाभर. ऑगस्टमध्ये मधेच चार दिवस वारा सुटतो, भिंती खडखडीत वाळतात, तेव्हा पाईप घेऊन कोणी फिरत नाही. पावसाळ्यात कोण पाणी मारतं?

यावरचे उपायही सगळ्यांना पाठ आहेत. विटांचा चट्टा फळ्यांवर रचून ताडपत्रीनं झाकायचा. सिमेंटची पोती जमिनीपासून वर, भिंतीपासून फूटभर लांब. कडक गोळे झालेलं पोतं वापरायचं नाही. माल छपराखाली कालवायचा आणि पाणी वाळूकडे बघून घालायचं. संध्याकाळी भिंतीच्या डोक्यावर प्लास्टिक, त्यावर विटांचं वजन. सकाळी वरचा थर तपासून मगच पुढचा. आणि कमरेशी थांबायचं.

एक ताडपत्री, चार फळ्या, प्लास्टिकचा एक गुंडाळा. यात महाग काही नाही. महाग आहे ते थांबणं.

*

आमच्या मिस्त्रींचं काम उक्तं होतं. म्हणजे रोजावर नाही, चौरस फुटावर. जेवढी भिंत, तेवढे पैसे. ते नांदेडकडचे. दोन गवंडी, तीन बिगारी अशी त्यांची टोळी. चांगल्या दिवशी टोळीचे मिळून साडेतीन-चार हजार पडायचे. रविवारी ठेकेदार खर्ची द्यायचा, तीही झालेल्या कामाचं माप बघून. गावाहून निघतानाच उचल घेतलेली, ती बिलातून कापली जात होती. त्या आठवड्यात दोन दिवस पावसानं गेले होते. खोलीतला गॅस संपत आला होता, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं.

आदल्या दिवशी साडेतीनला मी भिंतीपाशी गेले तेव्हा ती चार फुटांवर आली होती. म्हणजे जुलै महिन्यात छातीपर्यंत. भुरभुर चालू होती. मी म्हणाले, "काका, आता वर नका चढवू. झाकून घ्या." ते म्हणाले, "हां मॅडम." मी ऑफिसात गेले, कारण बिलाचे आकडे पाच वाजेपर्यंत पाठवायचे होते. जाता जाता फॉर्म भरला. ४ फूट. सही.

मी खोटं लिहिलं नव्हतं. पण मी सांगितलं ते अशा आवाजात, की न ऐकल्यासारखं करायला जागा राहावी. मला ठाऊक होतं की उद्या जेसीबी येणार आहे. ठेकेदारानं मुकादमाला भिंत आजच पुरी करायला सांगितलंय, हेही ठाऊक होतं. थांबा म्हणणं मिस्त्रींवर सोडलं आणि कागद आपल्या बाजूनं नीट करून ठेवला. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त शरम मला या गोष्टीची वाटली आहे.

सकाळी ओळंबा लावला. तीन मीटर उंचीला सहा मिलिमीटर फरक चालतो. इथे दोन मीटरलाच सव्वा इंच होता, म्हणजे तीस मिलिमीटरच्या वर.

*

२०१९ साली मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. २९ जूनच्या पहाटेच्या आधी, मध्यरात्र उलटल्यावर, कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साईटवरच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली. बहुतेक बिहारहून आलेले कामगार, त्यांच्यात लहान मुलंही. त्यानंतर तीन-चार दिवसांतच आंबेगावात दुसरी भिंत पडली, तिथेही खाली कामगारांच्या झोपड्या होत्या. सहा जण गेले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हाही माणसं गेली ती काही ठिकाणी पाण्यानं, काही ठिकाणी भिंतीखाली.

त्या भिंती का पडल्या यात मी शिरत नाही. सीमाभिंत पडायला कारणं बरीच असतात: पायथ्याशी झालेली खोदाई, मागे साठलेली ओली माती, पाणी जायला न ठेवलेली भोकं. तुमच्या-माझ्या अंदाजानं ती ठरत नाहीत.

पण कोंढव्याची बातमी टीव्हीवर चालू असताना अण्णांनी विचारलेलं मला आठवतं. "खोल्या भिंतीला चिकटून का घालतात, माहितीय का?" मी म्हणाले, जागा नसते. ते म्हणाले, "जागा असती गं. पण भिंत असली की एका बाजूचा पत्रा वाचतो. वारा लागत नाही. आम्ही बी तसंच राहायचो." मग ते उठून आत गेले.

आमच्या साईटवर खोल्या चिकटून नव्हत्या, चार पावलं लांब होत्या. साडेसहा फुटांच्या भिंतीला चार पावलं पुरत नाहीत हे कळायला डिप्लोमा लागत नाही.

*

मी अण्णांना फोन लावला.

"ओळंब्याला किती?"

"सव्वा इंच."

"पोट कुठं आलंय?"

"मधे. तिसऱ्या-चौथ्या फुटाला."

"माल नखानं निघतो?"

"हो."

"मग मला कशाला विचारतीस?"

मी गप्प राहिले. अण्णा म्हणाले, "उतरव. पण त्याला बोलू नको. त्यानं पोटासाठी चढवली. आणि उतरवायच्या आधी रोज कोण देणार ते ठरव. न्हाईतर उद्या परत तेवढीच चढवंल, आणि पुढच्या वेळी तुला कळणारसुद्धा न्हाई."

मी आधी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मग जेसीबीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणाले. मग मिस्त्रींना सांगितलं, भिंत उतरवायची. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते इतकंच म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. मला बी रात्री झोप नव्हती. पण आमचा दिवस?"

ठेकेदार फोनवर म्हणाला, "चूक त्याची, कापा त्याच्या बिलातून." मी म्हणाले, फाईलमध्ये माझ्या सहीचा कागद आहे. मी बघून गेले, थांबवलं नाही. जेसीबीची वेळ तुम्ही दिली होती. चूक वाटायची तर तिघांत वाटा. तो फोन वीस मिनिटं चालला. त्यात मी रडलेही, हे लिहायला हरकत नाही.

शेवटी ठरलं ते असं: उतरवायचा आणि परत बांधायचा मिळून जो खर्च, त्यातला निम्मा रोज ठेकेदार देणार, निम्मा मिस्त्रींच्या अंगावर. माझ्या पगारातून काही कापलं गेलं नाही. मला वरून एक कडक ई-मेल आला. ही वाटणी मला तेव्हाही बरोबर वाटली नव्हती, आजही वाटत नाही.

भिंत उतरवायला तीन तास लागले. साधारण बाराशे विटा. माल धरलाच नसल्यामुळे बहुतेक अख्ख्या निघाल्या. बिगाऱ्यांनी रांग केली, मिस्त्रींची बायकोही पदर खोचून रांगेत उभी राहिली. एकेक वीट खरडून, पुसून, ताडपत्रीखाली रचली. मीही रांगेत उभी राहिले. तेवढं केल्यानं काही फिटत नाही, पण ऑफिसात बसवलं नसतं.

*

नंतर मी एक गोष्ट शोधत बसले. पावसासाठी थांबलेल्या दिवसाचे पैसे जगात कुठे कोणी देतं का?

जर्मनीत बांधकाम कामगारांना हिवाळ्यातल्या खराब हवामानाचा भत्ता १९५९ साली सुरू झाला. बर्फात आणि थंडीत काम बंद पडलं की मजुरीचा काही भाग मिळायचा. आजही तिथे हंगामी भत्त्याची सोय आहे. इतक्या लांब जायचं नसेल तर दिल्ली. २०२१च्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की बांधकामं बंद ठेवावी लागली. तेव्हा तिथल्या सरकारनं नोंदणी असलेल्या कामगारांना ५,००० रुपये द्यायचं ठरवलं. म्हणजे हवामानामुळे बुडालेला दिवस हाही हिशेबात धरायचा दिवस असू शकतो, हे आपल्याकडेही कोणाच्या तरी डोक्यात आलेलं आहे.

आपल्याकडे १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा आला, त्याखाली बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होऊ लागला, कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे. त्यात नाव नोंदवायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मी मिस्त्रींना तो मिळवून द्यायला गेले तेव्हा कळलं की सहा ठेकेदारांकडे मिळून त्यांनी वर्षभर काम केलं होतं, आणि दाखला द्यायला एकही तयार नव्हता. आमचा धरून. तो मात्र मी मागे लागून मिळवला.

पुढच्या पावसाळ्यात मी दुसऱ्या साईटवर होते. तिथे वर्क ऑर्डर लिहिताना एक ओळ घातली: पावसामुळे इंजिनिअरनं काम थांबवल्यास टोळीला अर्धा रोज. तिथला ठेकेदार म्हणाला, "असं कोण देतं?" मी त्याला उतरवलेल्या भिंतीचा हिशेब दाखवला. त्यानं कुरकुर करत सही केली.

त्या चार महिन्यांत आम्ही अकरा दिवस थांबलो. पाच माणसांचे अकरा अर्धे रोज म्हणजे वीस हजारांच्या आसपास. ठेकेदार मला अजून ऐकवतो की एवढ्यात एक भिंत पाडून परत बांधता आली असती. आकड्यांत तो फार चुकत नाही. त्या मोसमात एकही भिंत उतरवावी लागली नाही, एवढंच मी त्याला सांगते. न पडलेल्या भिंतीची बातमी होत नाही आणि तिचं बिलही लावता येत नाही.

टोळी तीच होती, नांदेडची. एका दुपारी तीनच्या सुमाराला मी तिसऱ्या मजल्यावर चढत होते. बाहेर भुरभुर सुरू झाली होती, छत्री उघडावी की नको अशी. मला वाटलं, आता जाऊन सांगावं लागणार. पोचले तर मिस्त्रींनी ओळंबा गुंडाळून खिशात घातलेला. बिगारी प्लास्टिक पसरत होता.

"कंबर आली, मॅडम," ते म्हणाले, आणि थापी धुवायला खाली गेले.